ढोलीतली बर्गंडी

“बाटली ढोलीत सुखरूप आहे. तुया लग्नात खोलू,” मोठेबाबा फोनवर म्हणाले, आणि मी त्याच संध्याकाळी पुण्याहून नागपूरचं तिकीट काढलं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. शाळेत जायच्या आधी अक्षरं त्यांनीच शिकवली, आणि मूठभर तांदूळ हुंगून जुना की नवा ते ओळखायलाही. गेल्या हिवाळ्यात फ्रान्सहून परतताना मी तिथल्या बर्गंडी भागातल्या रेड वाईनच्या सारख्या दोन बाटल्या आणल्या होत्या, एक त्यांना दिली. द्राक्षं पिकली ते साल पावसाचं, जाणकारांनी ‘हलकं’ ठरवलेलं, म्हणूनच माझ्या आवाक्यातलं. दुकानातल्या बाई म्हणाल्या होत्या, अशी सालं साठवू नका, कोवळी असतानाच प्या. त्यानंतर भंडाऱ्याचा एक अख्खा उन्हाळा गेला, आणि वाईनला उष्णता सोसत नाही. शिवाय ते लग्न. कधी होईल, होईल की नाही, मलाच ठाऊक नाही. घरातल्या कुणी त्याची वाट पाहत बसावं, याचीच जास्त धास्ती होती.

नागपूर ते भंडारा हमरस्ता सरळ आहे, एसटी भरपूर. पुढे मोठेबाबांच्या गावाला, दिघोरीला, जायला लाखांदूरकडची गाडी. ती स्टँडवर दोघांना विचारूनच पकडा. मी तिघांना विचारलं. दोन्ही बाजूंना कापणी झालेली धानाची शेतं, मधेच तलाव. पिशवीत बूच काढायचा स्क्रू आणि मद्याचा परवाना. परवाना कुणीच विचारला नाही.

ढोली म्हणजे शेणाने सारवलेली बांबूची धान्यकोठी. मोठेबाबांनी कोपरापर्यंत हात घालून जुन्या धानातून बाटली काढली. गार होती. माझा जीव थोडा भांड्यात पडला.

“आता काहून खोलतेस? मुरू दे ना,” ते म्हणाले.

“ही मुरणारी नाही, मोठेबाबा. नव्या तांदळासारखी आहे.”

त्यांनी बाटली उजेडाकडे धरली. आमच्याकडे जुना तांदूळ पाहुण्यांसाठी, फडफडीत होतो. नवा चिकट होतो, म्हणून पाहुण्यांच्या पानात वाढत नाहीत. पण त्याचा वास जुन्याला नाही, आणि तो घरचे आधी खातात.

“मंग पहिलेच नाही सांगाचं? आन् लग्नात काय खोलू?”

“झालं, तर त्या वर्षीची नवी आणीन.”

“झालं तर?”

मी पिशवीतून स्क्रू बाहेर काढला. मोठेबाबांची बायको, माझी मोठीआई, चुलीपासून म्हणाली, “पोरगी सांगून राहिली ना. बाटली खोला, वडे थंडे होऊन राहिले.”

मोठेबाबांनी पितळेचे पेले काढले. आंबट काही पितळेत ओतू नये, हे मोठीआईनेच मला शिकवलेलं, म्हणून मी चहाचे काचेचे ग्लास घेतले. रंग पातळ लाल, पलीकडची चूल दिसावी इतका. वास उन्हाळ्याने थोडा दमलेला, पण जिवंत. मोठेबाबांनी तांदूळ हुंगतात तसा ग्लास नाकाशी धरला.

“येरोनीचा वास येऊन राहिला.” येरोनी म्हणजे रानबोरं.

“आन् चव?” मोठीआईने विचारलं.

“हलकी आहे. साजरी आहे. हे मी लग्नातल्या गर्दीले कायले पाजू?”

लाखोरीच्या डाळीच्या वड्यांबरोबर ती छान लागली. कोंबडीच्या तिखट रश्श्यापुढे मात्र हरली. तुम्ही अशी वाईन कुणाकडे नेलीत तर तिखट कमी घालायला सांगा, आणि बाटली जरा गार करा. मोठीआईने एकच घोट घेतला आणि उरलेली माझ्या ग्लासात ओतली. लग्नाचं पुन्हा कुणी काढलं नाही. सकाळी निघताना मोठेबाबांनी रिकामी बाटली धुऊन खिडकीत ठेवली आणि माझ्या पिशवीत नव्या तांदळाची पुरचुंडी घातली.

पुण्यात दुसरी बाटली माझ्या कपाटात होती, कपड्यांच्या मागे. ती कशासाठी राखली होती, हे मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मंगळवारी नवा तांदूळ शिजवला. चिकट झाला. घरभर वास सुटल्यावर मी बूच काढलं.