चौपन्न वर्षांचं पुसणं

गुन्वोर हालीन अडतीस वर्षं ग्नोशो गावातल्या एका कारखान्यात धातूंवर निकेलचा मुलामा चढवत होती. गंज हा तिचा शत्रू. निवृत्त झाली आणि तिने चक्क गंज चढवण्याचाच उद्योग धरला. "तुझ्या जुन्या साहेबाला कळलं तर पेन्शन बंद करेल तुझी," असं तिचा नवरा स्तूरे येणाऱ्याजाणाऱ्यासमोर म्हणत असे.

काम होतं गिटारच्या धातूचं. नवी गिटार आजोबांची वाटावी अशी हौस असणारे पुष्कळ. ते तारा पिळायच्या खुंट्या, तारा टेकतात ती घोडी, स्क्रू, असं सगळं गुन्वोरकडे पाठवत. परसातल्या खोपटात झाकणाचा एक डबा होता. त्याच्या तळाशी आम्लाची वाटी, वर जाळी, जाळीवर ते भाग. वाफेने चार-सहा तासांत चकाकी मरायची. मग मिठाच्या पाण्याने स्क्रूंवर तांबूस ठिपके. आपल्या हातचं जुनेपण आजवर कुणालाही ओळखू आलेलं नाही, हा तिचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

जूनमध्ये शेजारच्या गावातून एवर्ट रुंडबेरीचं पार्सल आलं, आत एक चकचकीत नवी घोडी. एवर्ट नाचाच्या बँडमध्ये वाजवायचा, १९६४ पासून एकाच गिटारवर. चिठ्ठीत लिहिलं होतं : घोडी तडकली, दुरुस्तीवाल्याने नवी बसवली आणि जुनी भंगारात टाकली. नवीचा आवाज उत्तम आहे, पण तिच्यावर नजर गेली की माझा हात थबकतो. बँडमधले म्हणतात, एवर्टने सोन्याचा दात बसवला. शनिवारी पार्कात नाच आहे, तोवर काही करता येईल का?

गुन्वोरने मन लावून काम केलं. बुधवारी एवर्ट गिटार घेऊन आला. तिने घोडी बसवून दिली. त्याने गिटार उजेडाकडे धरली.

"सुरेख झालीय," तो म्हणाला. "पण दुसऱ्या कुणाची तरी वाटते गं."

गुन्वोरला ते लागलं. तिने चष्मा चढवला आणि पहिल्यांदाच सबंध गिटार नीट पाहिली. तिच्या घोडीखेरीज कुठेही गंजाचा एक ठिपका नव्हता. खुंट्यांवरचं निकेल झिजून खालचं पितळ लोण्यासारखं डोकावत होतं आणि कडा गोल झाल्या होत्या.

"वाजवून झालं की तू काय करतोस रे?"

"पुसतो."

"प्रत्येक वेळी?"

"म्हणजे काय? न पुसता पेटीत कोण ठेवतं?" एवर्टने खिशातून फलालीनचं फडकं काढलं. "बायकोच्या, माय-ब्रिटच्या जुन्या झग्याचं आहे."

स्तूरे दारातूनच हसला. "घे! अडतीस वर्षं गंजाशी भांडलीस, आणि आपल्याच जातीचा माणूस ओळखता आला नाही तुला!"

गुन्वोरने मान्य केलं. वाजवणारे सगळे गबाळे, असं तिने धरून चाललं होतं, आणि विचारायचं राहून गेलं होतं. तिच्या खणात त्याच मापाची एक कोरी घोडी होती. "फडकं ठेवून जा," ती म्हणाली, "आणि तू कसं पुसतोस ते आधी दाखव."

तो जाड तारेकडून बारीक तारेकडे जायचा, शेवटी अंगठ्याने कोपरा वळवायचा. कधीच उलट नाही.

आम्लाचा डबा बंदच राहिला. आधी बारीक पूड तेलात कालवून घासणं, मग फडकं. स्तूरे शब्दकोडं सोडवता सोडवता पुसत होता, आणि उलट हात फिरला की गुन्वोर खेकसायची. शेजारची इंगा-लिल वेलचीचे पाव घेऊन आली, तर तिच्याही हातात घोडी.

"मी कॉफीला आले होते की सक्तमजुरीला?"

"कोपरा विसरलीस. अंगठा."

"तुझ्या नवऱ्याला स्वर्गात जागा राखून ठेवलेली असणार, गुन्वोर."

शुक्रवारी दुपारी कडेला पितळ दिसू लागलं. संध्याकाळी एवर्ट घोडी आणि फडकं घेऊन गेला. एकदा बघून त्याने ती खिशात टाकली, एवढंच. गुन्वोरला ते काही आवडलं नाही.

शनिवारी ती स्तूरेबरोबर पार्कात गेली. नाचली, पण स्तूरेच्या खांद्यावरून डोळे मंचाकडेच. शेवटचं गाणं संपलं तेव्हा जूनच्या त्या रात्रीही आभाळात अजून उजेड होता. एवर्टने फडकं काढलं आणि अकॉर्डियनवाल्याशी मासेमारीच्या गप्पा सुरू केल्या. फडकं खुंट्यांवरून उतरलं, दांड्यावरून तारांवर आलं, घोडीवर पोचलं. जाड तारेकडून बारीक तारेकडे गेलं, अंगठ्याने कोपरा वळला, न थबकता पुढे सरकलं. एवर्टने खाली पाहिलंही नाही. मासा केवढा होता ते तो दुसऱ्या हाताने दाखवत होता.

"पाहिलंस?" गुन्वोरने स्तूरेचा दंड दाबला.

"काय पाहायचंय? माणूस गिटार पुसतोय."

"हो ना!" ती म्हणाली. "चल, मला सॉसेज घे. दोन घे."