घोडेगावचा धूर आणि रशीदचाचांचा रुमाल

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. मी केडगावचा, पर्यावरण इंजिनिअर. रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर किती अंतरावर किती पोचतो, याचं कॉम्प्युटरवर मॉडेल करतो. मीटर दाखवेल तेच खरं मानणारा माणूस!

घोडेगावात हायवेला लागून एक शाळा आहे. तिचं गेट मागच्या बाजूला हलवायचं की नाही, हे माझ्या रिपोर्टवर ठरणार होतं. मॉडेल म्हणालं, गरज नाही. तरी खात्री करायला गुरांच्या बाजाराच्या दिवशी सकाळी मीटर घेऊन गेलो.

गेटजवळ लिंबाखाली रशीदचाचा बसले होते... बैलांचे जुने दलाल, नजर जवळजवळ गेलेली.

"काय मोजताय, सायेब?"

"धूर."

"मंग सौदा करू की!" त्यांनी माझ्या हातावर रुमाल टाकला. बैलाचा भाव तिथे बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून सांगतात. त्यांनी आधी एक बोट दाबलं, मग चार, मग दोन. मीटर अजून बॅगेतच होतं. हसत हसत चालू केलं — १४२!

योगायोग, म्हटलं. पुन्हा हात दिला. दोन, एक, पाच. दहा मिनिटांनी मीटरवर २१५. दुसरं मीटर काढलं, तेही तेच.

"चाचा, पण इतका धूर येतो कुठून?"

"त्ये टेम्पो ऐकू येत न्हाईत व्हय? जनावर चढंस्तवर इंजिन चालूच. बंद केलं तर फिरून सुरू हुईल का, कुनाला भरवसा? माझी नात हाय दुसरीत. लई खोकती वो."

मी ओशाळलो. माझ्या मॉडेलमध्ये फक्त धावणाऱ्या गाड्या होत्या, उभी एकही नव्हती! त्याच संध्याकाळी रिपोर्ट बदलला.

गेट हललं. परवा बाजाराच्याच दिवशी मुद्दाम गेलो. नव्या गेटपाशी चाचा नातीचं दप्तर धरून बसलेले. मी आपणहून हात पुढे केला. रुमालाखाली तीन बोटं, मग चार. मीटर म्हणालं ३६.

"चुकलात चाचा!" मला केवढा आनंद!

"दम धरा की."

३५... ३४. आणि आकडा तिथेच थांबला. चाचांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि नातीला हाक मारली. ती धावत आली, खोकली नाही.

टेम्पोंसाठी मॉडेलमध्ये आता वेगळा रकाना आहे. चाचांना कुठल्या रकान्यात टाकायचं, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.