बाबांच्या आयकरात माझं नाव

पेणच्या एका बालवाडीत मी शिकवत होते. पंचविशी नुकतीच ओलांडली होती. एका तापानंतर माझ्या पायांतली ताकद गेली ती परत आली नाही. पेणची खोली सोडून मी रोह्याला, आईबाबांकडे आले. बाबा धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर. शिफ्टला जाण्याआधी मला उचलून पडवीतल्या खुर्चीत बसवायचं, हे त्यांनी न सांगता आपल्याकडे घेतलं.

कंपनीत आयकराचे कागद मागायची वेळ आली, तेव्हा हिशेब विभागातल्या साहेबांनी बाबांना सांगितलं, की अपंग मूल अवलंबून असेल तर करात सवलत मिळते. जिल्हा रुग्णालयाचा दाखला लागेल. बाबांनी घरी येऊन ते मला सांगितलं आणि मी एकदम चिडले.

"म्हणजे सरकारदरबारी मी तुझ्यावर ओझं, असंच ना?"

"ओझं कुठं म्हटलंय गो? मी तुझं करतो, एवढंच लिहायचं. ते खोटं हाय का?"

खोटं नव्हतं.

दाखल्यासाठी आम्ही शेजाऱ्यांच्या रिक्षाने अलिबागला निघालो. वडखळला ट्रॅफिकमध्ये बराच वेळ अडकलो. बाबांनी उतरून ताडगोळे आणले आणि सोलून एकेक माझ्या हातावर ठेवत राहिले. आजारपणानंतर मी पहिल्यांदाच घराबाहेर इतक्या लांब आले होते. रस्त्यावरची माणसं, दुकानं बघत मी खात होते, आणि कुठे चाललोय ते थोडा वेळ विसरले.

रुग्णालयात तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "हिचं सगळं कोण करतं?"

बाबा म्हणाले, "मी आणि हिची आई. आणि माझा पेपर ही वाचते. मला बारीक अक्षर दिसत नाय."

डॉक्टर हसल्या. मीही हसले.

दाखला मिळाला, तरी कंपनीत शंका निघाली. साहेब म्हणाले, "मुलगी सज्ञान आहे, एकेकाळी कमावती होती. चालेल का, मला नक्की माहीत नाही. विचारून सांगतो." बाबा चेहरा पाडून घरी आले. मी मोबाइलवर नियम शोधून वाचायला बसले. भाषा किचकट होती, पण हातात वेळच वेळ होता. अपंग मुलाला वयाची अट नव्हती. ते मुख्यतः आईवडिलांवर अवलंबून हवं आणि त्याने स्वतःच्या नावावर तशी सवलत घेतलेली नको, इतकंच. मी ते सोप्या मराठीत लिहून दिलं. साहेबांनी पडताळून पाहिलं, मान्य केलं आणि बाबांना म्हणाले, "पोरीला सांगा, तिनं माझं काम सोपं केलं."

पुढच्या वर्षी त्यांनीच बाबांच्या शिफ्टमधले दोघे विवरण भरून घ्यायला माझ्याकडे पाठवले. मग त्यांच्या ओळखीचे आले. मी घरूनच एक कोर्स केला, जुना लॅपटॉप घेतला. शिफ्ट सुटली की पडवीसमोर दुचाक्या लागायच्या. "ताई, कराची जुनी पद्धत बरी का नवीन?" असं विचारत माणसं आईच्या हातचा चहा पीत बसायची. बालवाडीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी माझी वाट बघत होतं.

यंदा माझी कमाई माझ्यापुरती नीट झाली. बाबांचं विवरण भरताना मी माझं नाव घातलं नाही.

"बाबा, यंदा तुला कर जास्त बसणार. मी आता तुझ्यावर अवलंबून नाय."

ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "ऐकलंस का गो! पोरीनं माझा टॅक्स वाढवला!"

आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. काय झालं ते कळल्यावर तिने तेच हात माझ्या गालांवरून फिरवले. बाबा कंपनीच्या बसची वाट बघताना नाक्यावर जो भेटेल त्याला हे सांगत होते, म्हणे. टॅक्स वाढल्याचं इतक्या आनंदाने सांगणारा माणूस नाक्यावरच्यांनी कधी पाहिला नसेल.

माझे पाय आहेत तसेच आहेत. सकाळी बाबा मला उचलतात तेव्हा अलीकडे त्यांना दम लागतो, म्हणून माझ्या पैशातून चाकांची खुर्ची घ्यायचं आणि तिच्यासाठी पडवीला उतार बांधून घ्यायचं ठरवलंय. गवंडी सोमवारी येतोय.