फोन कुणी कापला

म्हैसुरात नोकरीला लागले, त्या पहिल्याच आठवड्यात एक साहेब मला म्हणाला, ‘बिडी, मॅडम.’ मी नाशिकची. उडालेच! दिवसाढवळ्या, हॉस्पिटलच्या ऑफिसात, बाईमाणसाला बिडी? मग कळलं, कन्नडमध्ये ‘बिडी’ म्हणजे सोडून द्या. तेव्हा हसले होते. नंतर त्या शब्दानं माझं डोकं उठवलं.

तो साहेब आमचा प्रशासक, आणि मी तिथलं नेटवर्क सांभाळायचे. छतावर जागोजागी वायफायचे पांढरे डबे लावलेले. सिस्टर फोनवर बोलत वॉर्डातून आयसीयूकडे निघाली, की तिचा फोन वॉर्डातल्या डब्यालाच चिकटून बसायचा. सिग्नल पार मेला की नाइलाजानं पुढच्या डब्याकडे वळायचा, आणि तो डबा पहिल्यापासून चौकशी करायचा, कोण तू, पासवर्ड काय तुझा. तेवढ्यात कॉल तुटायचा. एका डब्यानं पटवलेली ओळख शेजारच्या डब्यांना आधीच कळवून ठेवायची सोय होती. ती चालू करायला मला एक दुपार नेटवर्क बंद हवं होतं.

पण साहेबानं मालकांना सांगून ठेवलेलं, नवं नेटवर्क फर्स्ट क्लास आहे. मग बंद कसं करणार? मला म्हणाला, ‘पासवर्डच काढून टाका ना.’ अरे, पेशंटचे रिपोर्ट जातात त्यावरून! मी साफ नाही म्हटलं. ‘मग बिडी, मॅडम.’

आणि एक दिवस व्हायचं तेच झालं. डॉक्टर आयसीयूच्या सिस्टरला फोनवर डोस सांगत होते, आणि दारातच कॉल तुटला. तिनं लगेच टेबलावरच्या फोनवरून परत लावला, पेशंटला काही झालं नाही. पण डॉक्टरांना वाटलं, पोरीनं तोंडावर फोन कापला. ते साहेबावर भडकले, साहेब तिच्यावर. म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस.

ती इथल्याच जुन्या मराठी घरातली, वडिलांचं शिलाईचं दुकान. माझ्याकडे रडतच आली. ‘मी कट नाही केला, अक्का. मी सुम्ने चालत होते, नुसती चालत होते, तोच कट झाला.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच साहेबाकडे गेले, वॉर्डातला फोन त्याच्या हातात कोंबला आणि म्हटलं, ‘लावा डॉक्टरांना आणि बोलत बोलत आयसीयूत चला.’ सगळ्या सिस्टर बघत होत्या. दाराशी पोचला आणि सुरू झालं त्याचं, ‘हलो? हलो?’

‘आता कुणी कापला?’ मी विचारलं.

मेल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! मला हवी ती दुपार लगेच मिळाली. मी सोय चालू केली, ती न समजणारे जुने फोन बदलून घेतले. कॉल तुटायचे थांबले. त्या पोरीला मात्र त्यानं परत बोलावलं नाही. का, तर तिला काढलं असं डॉक्टरांना सांगून झालंय, आता शब्द कसा फिरवायचा. स्वतःची लाज झाकायला दुसऱ्याच्या लेकीची भाकरी काढून घेतली!

पुढच्या मीटिंगमध्ये हाच माणूस मालकांसमोर छाती फुगवून सांगतो, ‘आपल्याकडे आता एकही कॉल तुटत नाही.’ मी सगळ्यांदेखत म्हटलं, ‘मग त्या सिस्टरला तेवढं कळवा. तिनं फोन कापला नव्हता, आणि कामावर परत ये, असं सांगा.’

तो हसला. ‘झालं ते झालं. बिडी, मॅडम.’

‘नाही सोडत,’ मी म्हटलं. माझ्या मोबाइलवरून तिचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. मागून शिलाई मशीनचा आवाज येत होता. ती म्हणाली, ‘हलो, अक्का?’

साहेबानं एकदा मालकांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. सिग्नल पूर्ण होता.

त्यानं फोन कापला.