एका बाहीचा कोट

आत्याचं मशीन आणि तोंड एकदमच चालतं, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. जिन्याखालचं तिचं शिलाईचं दुकान म्हणजे दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल आणि कडेला फुटलेला आरसा. पायडल हललं की ती गुणगुणायला लागायची. चाल तिची, शब्दही तिचेच, काजबटणांबद्दलचे काहीबाही. दुसऱ्या ओळीच्या मध्येच थांबायची, दाताने दोरा तोडायची आणि मग पुढे गायची. कात्री हाताशी असायची, पण स्वभावाला औषध नसतं.

एका दुपारी तिचा भाचा पॅन्टची उंची कमी करून घ्यायला आला. तो संगणकावर गाणी बनवायचा. स्टुलावर बसून त्याने मोबाइल काढला तेव्हा आत्याला वाटलं, खेळत असेल. महिन्याभरात तिचंच गुणगुणणं, खाली दणदणीत ढोल घालून, समोरच्या सलूनमध्ये वाजायला लागलं. ती दोऱ्यापाशी थांबायची तिथे ढोलही थांबायचा आणि दाढीला बसलेली पोरंसुद्धा ताल धरून थांबायची. आत्या आधी हरखली. मग सलूनवाल्याने मोबाइलवर दाखवलं: संगीत भाच्याचं, आणि खाली 'पारंपरिक चाल, गायिका अज्ञात'.

"अज्ञात?" आत्या म्हणाली. "मी काय मेले का हरवले?"

भाच्याचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला होता आणि त्याचा कोट तिच्याकडेच शिवायला होता. तो कोट न्यायला आला तेव्हा डाव्या खांद्याला बाहीच नव्हती.

"आत्या, कार्यक्रम उद्या आहे."

"माहीत आहे. बाही तयार आहे. तू गाण्याला माझं नाव लाव, मी कोटाला बाही लावते."

तो हसला. आत्या हसली नाही, तेव्हा त्याचंही हसू ओसरलं.

"अगं, ती नावं वाचतं कोण?"

"कॉलरच्या आतलं लेबल कोण वाचतं? तरी मी लावतेच ना?"

"आता बदल करायचा तर गाणं काढावं लागेल. उद्या लोक तेच ऐकायला येणार आहेत."

"मग काढ."

"आणि तू? मोबाइलच्या दुकानातून ढीगभर गाणी फुकट भरून आणतेस, ती चोरी नाही?"

हे मात्र तिला लागलं. "आहे," ती म्हणाली. "यापुढे नाही आणणार. पण ती मी रचली म्हणून मिरवले नाही कधी."

भाच्याने मग शेवटचं अस्त्र काढलं. "आणि त्या लेबलावर तरी तुझं नाव कुठे आहे? बाबांचं आहे."

आत्याचा पाय पायडलवरच थांबला. दुकान भावाच्या नावाचं होतं. भाऊ दुसऱ्या धंद्यात गेला त्याला जमाना झाला, पण त्याने छापून घेतलेली लेबलं काही संपत नव्हती. शिवायची ती, नाव त्याचं. तिने कधी ब्र काढला नाही. घरचंच तर आहे, अशी स्वतःची समजूत घातली, आणि आता घरचाच पोरगा तीच समजूत तिला घालत होता. तिला संताप आला. भाच्याचा थोडा, स्वतःचा जास्त.

"म्हणूनच," ती म्हणाली. "मी गप्प बसले, म्हणून तुला वाटलं आत्याचं काहीही उचललं तरी चालतं. नाही चालत."

भाचा कोट तिथेच टाकून तणतणत निघून गेला. आत्याने त्याला हाक मारली नाही.

संध्याकाळी सलूनमध्ये ओरडा झाला. गाणं सापडेना. थोड्या वेळाने भाचा दारात येऊन उभा राहिला, तोंड फुगवून.

"काढलंय. नवीन नावासकट परत यायला वेळ लागेल. उद्याचा कार्यक्रम त्याच्याशिवायच." त्याने मोबाइल पुढे धरला. "पूर्ण नाव सांग."

तिने सांगितलं. त्याने टाइप केलं. तिने ते मोठ्याने वाचायला लावलं, आणि एकदा नाही, दोनदा.

मग बाही लावली. कोट उलटा केला, कॉलरमधलं लेबल ब्लेडने उसवलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"ते कशाला काढलंस?"

"कोट मी शिवलाय," आत्या म्हणाली. "बाबांनी विचारलं तर सांग. नाही विचारलं तरी सांग."