नलूमावशींचे कॉव्हेंट्रीतले रविवार

समीरचा फोन आला तेव्हा मी पुण्यात बँकेच्या रांगेत उभा होतो. "दादा, आई गेला," तो म्हणाला. समीर कॉव्हेंट्रीत जन्मला, तिथेच वाढला. त्याच्या मराठीत आई कायम 'आला' आणि 'गेला'च असते. एरवी मला हसू आलं असतं. रांग सोडून मी बाहेर आलो आणि त्याच्या आईचं, नलूमावशींचं, वय मनातल्या मनात मोजत बसलो... ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

२००४ साली कंपनीच्या कामासाठी मी कॉव्हेंट्रीला गेलो आणि त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. मावशी मूळच्या मिरजेच्या. साठच्या दशकात नर्स म्हणून इंग्लंडला आल्या, हॉस्पिटलात नोकरी केली, निवृत्त झाल्या. यजमान मोटारींच्या कारखान्यात होते; ते चार वर्षांपूर्वी वारले होते. एकुलता एक समीर लंडनच्या एजवेअर भागात राहायचा. पहिल्याच आठवड्यात मावशींनी विचारलं, "रविवारी सकाळी काय करतोस?"

"झोपतो."

"मग साडेनऊला मला जरा गाडीने सोडत जा. रविवारी बसचा काही भरवसा नसतो."

मी समजलो, मंदिरात जायचं असेल. पोहोचलो ते एका बसक्या विटांच्या इमारतीपाशी. दारात सुटाबुटातल्या सहा-सात माणसांनी माझा हात हातात घेऊन दाबला आणि मी पाच मिनिटांत 'ब्रदर प्रशांत' झालो. हे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं प्रार्थनागृह आहे हे मला आत शिरल्यावर कळलं. मावशींनी मला तिसऱ्या रांगेत बसवलं आणि स्वतः सरळ पुढे जाऊन ऑर्गनवर बसल्या. काठापदराची साडी, वर लोकरी कार्डिगन, आणि पाय जमिनीपासून वीतभर वर. ऑर्गनला पायपट्ट्याही असतात, त्या मावशींनी कधीच मोजल्या नाहीत.

त्या दिवशी माझी फजिती झाली. पावाच्या तुकड्यांचं ताट रांगेतून फिरत आलं. मी डाव्या हातावर उजवा ठेवून ओंजळ पुढे केली. शेजारच्या बाई गोंधळल्या, मग त्यांनीच एक तुकडा उचलून माझ्या हातावर ठेवला. पाठोपाठ छोट्या छोट्या कपांतून पाणी आलं. ते मी तीर्थासारखं प्यायलो आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. समोर ऑर्गनवरून मावशींनी डोळे वटारले. पण पुढच्या रविवारी मागच्या रांगेतल्या एका आजोबांनीही डोक्यावरून हात फिरवला. भारतातल्या बंधूंची पद्धत त्यांना आवडली होती म्हणे.

प्रार्थना, मग वर्ग, मग आणखी एक वर्ग, असा तीन तासांचा कार्यक्रम असायचा. चहा-कॉफी त्या पंथात वर्ज्य. मावशी घरून निघताना मोठा मग भरून चहा प्यायच्या आणि गाडीत बसल्यावर दोन वेलदोडे तोंडात टाकायच्या. "वास नको यायला. उगाच कशाला कुणाचं मन दुखवा?" महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या मंडळींचा उपवास असे, आणि तोही कडक, पाणीसुद्धा नाही. मावशींनी सुरुवातीला एकदा 'उपवास आहे' म्हणून डबाभर साबुदाण्याची खिचडी नेली होती. तिथले बिशप हॉल्ट आठवडाभर बॉयलर दुरुस्त करायचे आणि रविवारी बिशप असायचे, कारण त्यांच्यात पगारी धर्मगुरू नसतात. त्यांनी डब्यात डोकावून विचारलं, "सिस्टर, उपवासाला हे खाता?" "उपवासाला हेच खातो," मावशी म्हणाल्या. बिशपनी उपवास सुटेपर्यंत धीर धरला आणि मग दोनदा वाढून घेतली. तेव्हापासून पहिल्या रविवारी खिचडी ठरलेली.

मावशी त्यांच्यात गेल्या कशा, ते मी एकदा विचारलं होतं. यजमान गेल्यानंतर दोन तरुण अमेरिकन प्रचारक दारात आले. देवाबद्दल थोडं बोलायचं आहे, म्हणाले. मावशींनी विचारलं, "तुमच्याकडे पेटी आहे का?" पेटी म्हणजे काय हे समजावल्यावर ती मुलं म्हणाली, ऑर्गन आहे, पण वाजवणाऱ्या बाई गाव सोडून गेल्या. मावशी पुढच्याच रविवारी हजर झाल्या. मिरजेत लहानपणी त्या रीतसर पेटी शिकल्या होत्या. इंग्रजी प्रार्थना त्या नोटेशनबरहुकूमच वाजवायच्या, पण तिसऱ्या कडव्यापर्यंत त्यात भूप उतरायचा. मंडळींना भूप माहीत नव्हता. आपलं गाणं जरा गोड झालंय एवढंच त्यांना वाटे.

बाप्तिस्मा मात्र त्यांनी कधी घेतला नाही. दर काही महिन्यांनी नवे प्रचारक यायचे, थालीपीठ खायचे आणि विचारायचे. मावशी म्हणायच्या, "बघू." या 'बघू'चा अर्थ त्या मुलांना शेवटपर्यंत कळला नाही, ते आपल्या वहीत आशेने टिपून ठेवायचे. उपवासाच्या रविवारी ज्याला वाटेल त्याने उठून आपली श्रद्धा सांगायची असे. एकेक जण म्हणे, मला माहीत आहे की हे सत्य आहे. एकदा मावशी ऑर्गनवरूनच उठल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "मला काही माहीत नाही. पण तुम्ही गाता तेव्हा मला बरं वाटतं." आणि बसल्या. सगळ्यांनी मिळून आमेन म्हटलं.

त्यांची स्वतःची पेटी घरीच होती, माळ्यावर. एका संध्याकाळी भाजी निवडताना त्या सहज म्हणाल्या, "समीर चौदा वर्षांचा होता. त्याचे मित्र आले होते, ते पेटीला हसले. तो म्हणाला, आई, हे बंद कर. मग केली बंद." एवढंच बोलल्या आणि निवडलेली मेथी धुवायला घेतली.

आई चर्चमध्ये जाते हे कुणीतरी समीरला सांगितलं. त्याने मला फोन केला. "दादा, तू माझ्या आईला तिथे का नेतोस? ते लोक तिला कन्व्हर्ट करतील!" पुढच्या रविवारी तो एजवेअरहून भल्या सकाळी निघून थेट तिथेच आला. तो शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसला. मावशींनी त्याला पाहिलं, चष्मा पुसला आणि वाजवायला लागल्या. तो भांडण काढायला आला होता. पण तीन तास उठला नाही. शेवटी बिशप हॉल्टनी त्याचे खांदे पाहून त्याला खुर्च्या रचायच्या कामाला लावलं, आणि त्यानेही मुकाट्याने रचल्या.

परतताना तो आमच्याच गाडीत बसला. वाटेत तो म्हणाला, "आई, तू घरी का नाही वाजवत?"

"भिंती पातळ आहेत रे. शेजाऱ्यांना त्रास."

शेजारचे आजोबा ठार बहिरे होते. मी समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिलो.

समीरने पुन्हा कधी विरोध केला नाही, आणि तो विषय घरात पुन्हा निघालाही नाही. मी २००७ मध्ये पुण्याला परतलो. मावशी थेट दोन वर्षांपूर्वीपर्यंत वाजवत होत्या. अंत्यविधी आपल्या पद्धतीने झाला. लेस्टरहून गुरुजी आले होते. चर्चची मंडळीही आली, मागे उभी राहिली आणि गुरुजींची परवानगी घेऊन त्यांनी एक प्रार्थना वाद्याशिवाय म्हटली. हे सगळं मला समीरने फोनवर सांगितलं.

गेल्या आठवड्यात त्याने मला काही फोटो पाठवले. ऑर्गनच्या बाकाखालच्या कप्प्यात मावशींची वही सापडली होती, आणि आता थकलेल्या हॉल्टनी ती त्याला आणून दिली होती. समीरला देवनागरी वाचता येत नाही. मी फोनवर त्याला वाचून दाखवायला लागलो. प्रत्येक प्रार्थना सा रे ग म मध्ये लिहिलेली, आणि कडेला बारीक अक्षरात टिपणं. 'इथे सगळे श्वास घेतात, थांबावे.' 'हॉल्ट नेहमी अर्धी मात्रा पुढे. त्यांना गाठावे.' बऱ्याच पानांनंतर एक टीप आली. तीही वाचली. 'आज समीर आला. शेवटच्या रांगेत बसला. दुसऱ्या कडव्यात बोट चुकले. कुणाच्या लक्षात आले नाही.'

फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"माझ्या लक्षात आला होता," समीर म्हणाला. "लहान होतो तेव्हा मी रोज जिन्यात बसून ऐकायचो, दादा. तिला माहीत नव्हता."