ताईच्या सज्जावरचे बूट

माझे जुने बूट सध्या मूर्तिजापुरात माझ्या थोरल्या बहिणीच्या घराचं रक्षण करतात.

खरं तर ते निवृत्त झाले होते. अकरा वर्षं त्यांनी मला मेळघाटातले डोंगर चढवले आणि दर वर्षी नरनाळा किल्ल्यावरून सुखरूप उतरवलं. (माझ्या वजनासकट! हे बायको म्हणते.) अमरावतीतल्या आमच्या मोच्याने तीनदा तळ शिवून दिला. चौथ्यांदा म्हणाला, "भाऊ, शिवाले जागाच नाई राहिली. आता पाया पडा याच्या!" मग मी नवे घेतले. निळे, ऐटदार! दुकानातल्या गालिच्यावर तर इतके मऊ की मी दोन फेऱ्या जास्तच मारल्या.

त्याच आठवड्यात ताईचा फोन. तिच्या नव्या घराचा स्लॅब टाकून झाला होता.

"घराले नजर लागू नाई म्हून जुना जोडा टांगा लागते. तुहे डोंगराचे बूट दे मले."

"घेऊन जा ना! माझ्या काय कामाचे?" मी दानशूर आवाजात म्हणालो. भाऊजी येऊन घेऊनही गेले.

दोन दिवसांनी नवे बूट घालून टेकडीवर सरावाला गेलो आणि दोन्ही टाचांवर लिंबाएवढे फोड घेऊन आलो. रविवारी तर नरनाळा! आमच्या पाच जणांच्या टोळीची ती दरवर्षीची चढाई. मी एकदाही चुकवलेली नाही.

"आता दिलेले बूट परत मागा," बायको म्हणाली.

मला पटलं. (तो टोमणा होता, हे मूर्तिजापूरच्या बसमध्ये लक्षात आलं.)

शनिवारी दुपारी पोचलो. ताई मागच्या भिंतींवर पाणी मारत होती. बूट पुढच्या सज्जाच्या सळईला टांगलेले. मागायची लाज वाटली. म्हटलं, गुपचूप काढू आणि त्यांच्या जागी पायातले नवे टांगू. नजरेला काय कळतंय! शिडी लावली, चढलो. भाऊजींनी नाड्यांना बैल बांधायची गाठ मारली होती. ती ओढायला गेलो, नवा बूट घसरला, शिडी गेली आणि मी दोन्ही हातांनी सज्जाला लोंबकळलो! नाकाशेजारी माझेच जुने बूट.

"ताई!" मी ओरडलो.

ताईच्या आधी शेजारच्या मावशी आल्या. त्यांनी वर बघून मागच्या बाजूला हाक दिली, "वो बाई, बूट टांगले होते नं? आता बुजगावणं बी टांगलं काय? लय मोठं केलं वो!"

"मावशी, मी माणूस आहे!"

"अवो माय! बोलते बी!"

दूधवाला थांबला. ऑटो थांबला, त्यातल्या सवाऱ्या उतरल्या. शेवटी ताई धावत आली.

"अरे, वर काय करून राहिला तू?"

"बूट... परत..."

"सोड हात!"

"मरेन ना!"

"वीतभर खाली रेतीचा ढीग हाय रे!"

मी खाली पाहिलं. वीतभरच होता. अकरा वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर मी डोळे मिटून उडी मारली.

ताई पोटभर हसली. मग तिने माझ्या टाचा पाहिल्या. फोडांवर कापूस बांधला, नव्या बुटांना आतून खोबरेल तेल चोळलं आणि वरवंट्याने टाचा ठोकून मऊ केल्या.

"पाय सोलले म्हून सांगाचं नं. मीच काढून देल्ले असते बूट."

"आणि घराला काय टांगलं असतंस? दुसरा एखादा जोडा?"

"दुसरा कावून? तू गड उतरला का हेच परत टांगले असते. ज्या बुटाईनं माह्या भावाले अकरा वर्सं पडू नाई देल्लं, थे माह्या घराले पडू देतीन काय?"

मला तिचे फोन आठवले. दर चढाईच्या संध्याकाळी ताईचा फोन येतो, "उतरला काय?" एवढंच विचारते. इतकी वर्षं मी त्याला कटकट म्हणत होतो! बूट तिथेच राहू दिले. दुसऱ्या दिवशी नव्या बुटांनी नरनाळा चढलो, उतरलो, आणि पहिल्यांदाच तिच्याआधी मी फोन केला.

तिच्या घराला अजून कुणाची नजर लागलेली नाही. लागणार कशी? घराकडे कुणी बघतच नाही. येणाराजाणारा सज्जाकडे बोट करतो आणि सोबतच्याला सांगतो, "पाह्य रे, थो अठीच लटकला होता!"